फुंकणीमास्तरांची पंधरा मिनिटं

श्वासासारखी फुकटची गोष्ट माणसाला इतकी अवघड करून ठेवणारा इसम पेण-रोह्याच्या पट्ट्यात दुसरा झाला नाही. त्यांच्याबद्दल लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळलं, कारण गंमत सांगायला बसलो की पुढचंही सांगावं लागतं. पेणच्या एका खासगी दवाखान्यात मी केसपेपर काढायचो आणि ते आतल्या खोलीत फुप्फुसांची तपासणी करायचे. रोग्याने यंत्राच्या नळीत जोरात फुंकायचं, एवढंच काम. म्हणून सगळे त्यांना फुंकणीमास्तर म्हणत.

पण फुंकण्याआधीची त्यांची तयारी म्हणजे रोग्याची दुसरी मुंजच. पोटभर जेवून आलेला परत. विडी ओढलेलाही परत, आणि तो वास हुंगायला मास्तर थेट रोग्याच्या तोंडाशी नाक नेत. बायकांना नाडी सैल करा म्हणून सांगताना ते भिंतीकडे तोंड करत, त्यामुळे बाई आधी भिंतीकडे बघत बसे. मग ते स्वतः फुंकून दाखवत. डोळे बाहेर, कान लाल. एक म्हातारी मला हळूच म्हणाली, "आधी यांना डाक्टरकडं न्या." वर आणखी पंधरा मिनिटं बाकावर गप्प बसायचं, श्वास ठिकाणावर येईपर्यंत. जवळच्या जोहे गावची एक बाई वैतागली, "जेवू नको, बोलू नको. सासरी पण एवढा जाच नाय, मास्तर." यातलं निम्मं मीच तिखटमीठ लावून बाहेर पसरवलं.

जोह्याचाच एक मूर्तिकार यायचा. प्लास्टरची धूळ छातीत बसलेली. तपासणीच्या सकाळी दम्याचा पंप घ्यायचा नाही, नाहीतर निकाल खोटा चांगला येतो, असं मास्तर प्रत्येकाला बजावत. त्या दिवशी मूर्तिकार कबूल झाला की येताना दोन फवारे मारलेत. परत पाठवतील, आजचा दिवस फुकट जाईल, म्हणून गयावया करू लागला. मी म्हटलं, "मास्तरांना कोण सांगतंय?" केसपेपर घेऊन मीही त्याच्याबरोबर आत गेलो. मास्तरांनी विचारलं, "सकाळी पंप घेतला?" मूर्तिकाराने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "नाही घेतला."

निकाल छान आला. डॉक्टरांनी पंप बंद केला. पंधरा दिवसांत त्याला चौघांनी उचलून आणलं. वाचला, पण कामाला उभा राहायला त्याला दिवाळी उजाडली. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर मास्तरांना विचारलं, पंपाचं विचारलं होतंत का? मास्तर म्हणाले, "विचारलं होतं," आणि माझ्याकडे बघितलं. मी केसपेपर लावत होतो. नीट लागलेलेच होते, तरी लावत होतो. महिन्याअखेर मास्तरांना काढलं.

अलीकडे मलाच दम लागू लागला, तेव्हा मला रोह्याला तपासणीला पाठवलं. नळीशी तेच बसलेले. केस पांढरे, नाक तसंच पुढे. त्यांनी कागदावरचं नाव वाचलं.

"सकाळी पंप घेतला?"

"नाही."

"नक्की?"

पेणला हा प्रश्न ते एकदाच विचारायचे. मी तोंड उघडलं, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवून घड्याळ दाखवलं. पंधरा मिनिटं. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं झालं. मग फुंकणं झालं, त्यांनी यंत्रातून आलेला निकालाचा कागद फाडून हातात दिला, पुढच्या बाईंना हाक मारली आणि भिंतीकडे वळून नाडीचं सांगू लागले. स्टँडवर पेणची गाडी लागली तरी ते वाक्य माझ्या तोंडातच होतं: मास्तर, तुम्ही विचारलं होतं. खोटं मी बोललो.