नत्थूजींच्या तळ्यातलं खालचं पाणी

नत्थूजी,

तुमच्याबद्दल लिहायचं तर तुम्हालाच सांगत लिहावं. तुमच्यासमोर गप्प बसून झालं तेवढं पुरे. या हकिकतीत नलू नावाची एक मास्तरीण आहे. ती मीच. पण तिला मी 'ती' म्हणणार, आणि तुम्हालाही 'ते'. 'मी' म्हटलं की माणूस स्वतःला सूट द्यायला लागतो.

तर नत्थूजी ढिवर, पिढ्यान्‌पिढ्यांचे मासेमार. सिंदीच्या एक स्टेशन पुढच्या गावात पंचायतीच्या तळ्यातल्या मासळीचा ठेका त्यांच्याकडे होता, त्याआधी त्यांच्या वडिलांकडे. तळं वाचायची त्यांची रीत अशी, की डोंग्यातून लांब बांबू तळात रोवायचा, वर काढायचा आणि टोकाचा चिखल हुंगायचा. नलू नवी सून, बी.एस्सी. झालेली, गावच्या शाळेत शिकवणारी. तिला ही रीत म्हणजे करमणूक वाटे.

१९७६ साली तिने मत्स्यपालनाचं एक पत्रक वाचलं. तळ्यात शेण आणि खत टाकलं की पाण्यात हिरवं शेवाळ वाढतं, ते खाऊन मासे पोसतात. किती टाकायचं तेही पत्रकात होतं, पण नलूला घाई. थोड्याने एवढं होतं तर दुपटीने किती होईल, असा तिचा हिशेब. सासरे दौलतराव भाजीवाले शेतकरी. सुनेच्या शब्दावर त्यांनी शेणाच्या गाड्या, सडकी कोबी, वर सुपर फॉस्फेटची पोती तळ्यात ओतली. पाणी पोपटासारखं हिरवं झालं. मासे वजनाला भरले. गावाने मास्तरीणबाईंचं कौतुक केलं.

श्रावणात नत्थूजी शाळेच्या दाराशी येऊन उभे राहिले. "बाई, वरतून हिरवंगार दिसते, पन खाली पानी सडून राह्यलं. बांबूले सडक्या अंड्याचा वास येते. गाड्या बंद करा."

"मासे पाण्यात राहतात, नत्थूजी, तुमच्या बांबूवर नाही," नलू म्हणाली. पोरं हसली. नत्थूजीही थोडे हसले आणि गेले.

भाद्रपदात चार दिवस ढग दाटून राहिले. वाऱ्याची झुळूक नाही. पाचव्या दिवशी पहाटे थंड वारा सुटला, पाऊस कोसळला आणि तळातलं पाणी ढवळून वर आलं. उजाडलं तेव्हा काठापासून काठापर्यंत पांढरी पोटं तरंगत होती.

गावाला कारण लगेच सापडलं. माशांना झिंग आणणारा पाला टाकून मासे धरायची ढिवरांची जुनी युक्ती सगळ्यांना ठाऊक. ठेक्याची मुदत संपत आलेली. जाता जाता तळं रिकामं करायला नत्थूजींनीच पाला टाकला, जास्त पडला, असं ठरलं. सरपंच रूपरावांनी देवळासमोर बैठक घेतली. नत्थूजींनी एवढंच सांगितलं की मी पाला टाकला नाही, पाणी खालून मेलं. पाहिजे तर मास्तरीणबाईंना विचारा, असंही ते म्हणाले.

सगळे तिच्याकडे वळले. दौलतराव पुढच्याच ओळीत बसले होते. पाण्यात विरघळलेला प्राणवायू हा धडा नलूने परीक्षेसाठी पाठ केला होता. काय घडलं ते तिला तिथेच, उभ्या जागी कळलं. ती म्हणाली, "तपासल्याशिवाय काही सांगता येत नाही."

ठेका गेला. नत्थूजी सिंदीच्या स्टेशनवर कापसाच्या गाठी उचलायला लागले. गावात मात्र त्यांच्या घरच्यांना 'पालावाले' हे नाव चिकटलं.

१९८४ साली वर्ध्याच्या वाचनालयात नलूच्या हाती एक मासिक आलं. त्यात समुद्रकाठच्या पाण्यावर लेख होता. नद्या शेतातलं खत समुद्रात नेतात, वर शेवाळ माजतं, मरून तळाशी बसतं, कुजताना खोल पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतं. मासे पळतात, पळता न येणारे जीव मरतात. नलूने लेख चार वेळा वाचला. परतताना मध्येच सिंदीला उतरली, नत्थूजींना शोधलं आणि फलाटावरच सगळं सांगितलं. खत मी टाकायला लावलं, हेही.

नत्थूजी गाठीवर टेकून ऐकत होते. "समुद्रातबी असंच होते का? मंग कोन्या ढिवराले हाकललं असन तिथून."

नलूला हसता येईना. मग ते म्हणाले, "मले चार ओळी लिहून द्या, बाई. तुमच्या सहीनं. ठेका नोको आता. पोरीले पाहाले येते ते पाहुने गावात इचारतात अन् वापस जातात. कागद असला त दाखवता येईन."

शनिवारी दुपारच्या गाडीने आणून देते, असं तिने कबूल केलं.

ती लिहायला बसली. 'खत टाकण्याचा सल्ला माझा होता' इथवर आली की दौलतरावांचं नाव पुढे येई, शाळा आठवे, आणि ती कागद फाडे. तीनदा फाडला. शनिवारी तिने डोकं दुखत असल्याचं सांगितलं आणि घरीच राहिली. पुढच्या शनिवारी शाळेत तपासणी होती. तिसऱ्या शनिवारी तर कारणही लागलं नाही.

दोन वर्षांनी नत्थूजी वारल्याचं कळलं. स्टेशनवरच्या प्रेमदास हमालाने सहज सांगितलं, की दर शनिवारी दुपारच्या गाडीला नत्थूजी हातातलं काम टाकून बायकांच्या डब्यापाशी जाऊन उभे राहत.