पार्किंगमधली विनाशिका

वारज्याच्या आमच्या सोसायटीत गणपतीचा देखावा ठरवायला बैठक बसते आणि दरवर्षी भांडूनच उठते. यंदा मात्र सेक्रेटरींनी सुरुवातीलाच जाहीर केलं, "काकांचं जहाज." काका म्हणजे माझे बाबा. तरुणपणी ते नौदलात होते, एका विनाशिकेच्या बॉयलरवर. मला इतका आनंद झाला की मी चहाचा कप कलंडवला.

त्या जहाजाचा इतिहास मला लहानपणापासून पाठ आहे. गोऱ्यांनी ते महायुद्धासाठी बांधलं, तिकडच्या थंडगार समुद्रात मनसोक्त राबवलं आणि मग आपल्याला विकलं. आमच्या पहिल्या स्कूटरसारखंच सेकंडहँड, कधी रुसेल याचा नेम नाही. आपलं युद्ध पेटलं तेव्हा तेलाच्या जहाजांना सोबत करायचं काम त्याला मिळालं. पुढे ते भंगारात गेलं, पण आमच्या घरात 'निवृत्त झालं' असं म्हणायची पद्धत आहे.

"पण बुडवलं कुणाला?" सेक्रेटरींनी विचारलं.

"कुणालाच नाही," बाबा म्हणाले.

"अहो काका, मग लोकांनी बघायचं काय? एखादं बुडवू या. तुमचं काय जातंय?"

बाबांचं बरंच काही जात होतं. न केलेला पराक्रम आपल्या जहाजाच्या माथी मारला जाणार, तोही आपल्या डोळ्यांदेखत, हे त्यांना सोसवेना. सोसायटीशी वाकडं कशाला, म्हणून ते गप्प बसले, पण जेवण निम्म्यावर आलं. मी सेक्रेटरींशी दोनदा भांडले. "ताई, देखावा आहे, कोर्ट नाही," त्यांनी मला वाटेला लावलं.

पार्किंगमध्ये ताडपत्रीच्या हौदात पाणी भरून समुद्र झाला, लाटांसाठी एका कोपऱ्यात पंप. विनाशिका कागदाच्या लगद्याची, पर्यावरणपूरक. वरून राखाडी ऑइलपेंटचे दोन हात मारले. तळाला रंग दिलाच नाही. खालचं कुणाला दिसतंय, असं सर्वानुमते ठरलं होतं. शत्रूचं जहाज मात्र कुणाच्या तरी माळ्यावरच्या जुन्या थर्माकोलचं. ते दोरीने खाली ओढायचं, की झाली जलसमाधी.

पहिल्या संध्याकाळी पार्किंग तुडुंब भरलं. दिवे मंद झाले, तोफांचे आवाज झाले आणि ध्वनिफितीतून सेक्रेटरी गरजले, "शत्रूला जलसमाधी!" दोरी ओढली. शत्रू बुडाला आणि टुण्णदिशी वर आला. पुन्हा ओढली, पुन्हा वर. तिसऱ्यांदा दोरीच तुटली आणि शत्रू मजेत डुलत पंपाकडे निघाला. हसून हसून माझ्या पोटात कळ आली.

तेवढ्यात आपली विनाशिका कलली. तळ पाणी प्यायला होता.

बाबा खुर्चीतून उठले ते थेट समुद्रातच, रेशमी कुर्त्यासकट. "पंप बंद करा. तोफा उतरवा, वरचं वजन कमी करा." असा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. मी साडी खोचून मागोमाग उतरले. सेक्रेटरीही उतरले, त्यांचा चष्मा आधी उतरला होता. आम्ही जहाजाखाली प्लास्टिकची स्टुलं सरकवत होतो, वरून ध्वनिफीत दुसरी जलसमाधी देत होती आणि लोक शिट्ट्या वाजवत होते. एवढी धमाल मी माझ्या लग्नातही केली नव्हती.

"ते आधी बंद करा," बाबांनी वर बघून सांगितलं. मग एका हाताने जहाज सावरत दुसऱ्या हातात माइक मागून घेतला. "यातलं काही खरं नाही. आमच्या जहाजाने कुणालाही बुडवलं नाही."

पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी शांतपणे विचारलं, "मग युद्धात आपण करत काय होतात?"

"सोबत निघालेली सगळी जहाजं घरी आणली," बाबा म्हणाले. "एकही मागं राहिलं नाही."

शिट्ट्या थांबल्या. ते आजोबा उठले. चपला काढून त्यांनी नीट बाजूला ठेवल्या, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला, पाण्यात उतरले आणि विनाशिकेची दुसरी बाजू धरली.

"हं, सांगा पुढं," ते म्हणाले.