नाव घातलेला पेला

जुन्नरच्या बाजारात भांड्यांवर नाव घालायचं मशीन करकरलं, की आजही मी झपझप पुढं निघून जाते.

आमच्या चर्चमध्ये पहिल्यांदा येणाऱ्याला स्वस्तातलं पण टिकाऊ काहीतरी द्यावं, म्हणून मी स्टीलचे पेले निवडले होते. त्यांवर ‘चर्चतर्फे सप्रेम भेट’ असं कोरून घेतलं. ‘अक्षरं ठळक काढा, भाऊ,’ असंही मीच सांगितलं.

पहिला पेला बोरी गावच्या शेवंताला दिला. पुढच्या रविवारी तिचा नवरा तिला केसांना धरून फरफटत आत घेऊन आला.

“भनीकडं जाते म्हणून सांगती, आन् हे काय?”

तोच पेला त्यानं तिच्या कपाळावर हाणला. एकदा, पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा हात उगारला तेव्हा चौघांनी त्याला खाली पाडलं. पेल्याला पोचा आला होता आणि कोरलेल्या अक्षरांत रक्त भरलं होतं.

मी तिच्या जखमेवर पदर दाबून धरला. ती पुटपुटली, “ताई, पेला लई चांगला व्हता. नाव तेवढं घालायला नको व्हतं.”

तेव्हा मला फक्त तिच्या नवऱ्याची चीड आली होती. आता माझीही येते.

शेवंता पुन्हा आली नाही. नव्या पाहुण्यांच्या हातावर मी हल्ली शेंगदाण्याचा लाडू ठेवते आणि म्हणते, “इथंच खाऊन जा.”