ताटातला पहिला घास

आई गेल्यापासून माझे वडील जेवायला बसले की पहिला घास कुत्र्याला देतात आणि मगच स्वतः खातात. घास म्हणजे पोळीचा तुकडा, आमटीत बुडवलेला. आई होती तेव्हा हे काम तिचं होतं. कुत्राही तिनेच दिघीच्या आमच्या गल्लीतून घरात आणलेला, साधा गावठी. तिच्यामागे वडिलांचं जेवण निम्म्यावर आलं होतं, आणि जे काही टिकून होतं ते या एका घासामुळे. हे मला आणि बायकोला ठाऊक होतं. म्हणून कुत्र्याचं पोट बिघडलं तेव्हा खरी भीती वाटली ती वडिलांची.

गेल्या वर्षी त्याला जुलाब सुरू झाले. औषधाने थांबायचे, परत सुरू व्हायचे. कधी आव पडायची, कधी रक्त. मी चाकणला एका कंपनीत तपासणी विभागात आहे. मोजल्याशिवाय माझा कशावर विश्वास बसत नाही. कुत्र्याला उचलून वजनकाट्यावर उभा राहायचो आणि माझं वजन वजा करायचो. बावीस किलोंचा कुत्रा सतरावर आला.

भोसरीच्या डॉक्टरबाईंनी जंत, रक्त, सगळं तपासलं. शेवटी म्हणाल्या की आहारावर शंका आहे. गव्हातलं ग्लूटेन न सोसणारे कुत्रे फार नसतात, पण असतात. खात्री करायची तर सहा आठवडे एकच साधं जेवण: भात, लाल भोपळा, उकडलेलं अंडं, मीठसुद्धा नाही. दुसरा कण पोटात गेला तर पहिल्यापासून सुरुवात.

त्यामुळे जेवणाच्या वेळी कुत्रा गॅलरीत आणि दार बंद. पहिल्या दिवशी वडिलांनी सवयीने तुकडा मोडला, आमटीत बुडवला, दाराकडे पाहिलं आणि तो ताटाच्या कडेला ठेवला. अर्धी पोळी खाऊन उठले. रोज तेच. शेजारी जिन्यात भेटले की विचारायचे, "काय राव, कुत्र्याचा उपवास सुटला का?" मी हसायचो. उपवास दुसऱ्याचाच चालला होता, हे त्यांना काय सांगणार?

कुत्र्याचं पोट मात्र बांधलं गेलं. सहा आठवड्यांनी तो वीस किलो भरला. डॉक्टरबाईंच्या सांगण्यावरून एकदा पोळी देऊन पाहिली, तर दुसऱ्याच दिवशी जुलाब. गहू कायमचा बंद झाला. त्याच आठवड्यात मी वडिलांना काट्यावर उभं केलं. एकसष्टचे सत्तावन्न झाले होते.

डॉक्टरबाईंना विचारून मी कुत्र्यांची ग्लूटेन-फ्री बिस्किटं आणली. पाकिटावरचं बारीक अक्षर दुकानातच दोनदा वाचलं. तांदळाचं पीठ आणि भोपळा, बाकी काही नाही. वडिलांच्या हातात एक ठेवलं आणि म्हणालो, "आबा, हे द्या त्याला. हे चालतं."

त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं. "ह्ये मी खातो का?"

"नाही."

"मग माझ्या ताटातलं कसं व्हईल?"

बिस्किट त्यांनी मला परत दिलं.

मग त्यांनीच तोड काढली. पोळी बंद, आपल्याला ज्वारीची भाकरी कर, म्हणाले. डॉक्टरबाई बघा करून म्हणाल्या. बायकोने ज्वारी दळून आणली, गॅलरीचं दार उघडलं. वडील पहिला तुकडा त्याला द्यायचे आणि अख्खी भाकरी खायचे. दोघं जेवतात हे बघून आम्हीही जरा सैलावलो. आठवडाही पुरा झाला नसेल, कुत्रा रक्त हगला. यावेळी सलाइन लावावं लागलं.

बायको गिरणीत जाऊन विचारून आली. ज्वारी गव्हावरच टाकतात. आधीच्या दळणाचं पीठ तिच्यात येतंच, आजवर कोणी तक्रार केली नाही. उपवासाच्या दळणाला वेगळी गिरणी आहे, तिला गव्हाचा कण लागत नाही. पण तिच्यात ज्वारी घातली तर लोकांचा उपवास मोडेल, म्हणून गिरणीवाल्याने नाही सांगितलं. त्याचंही चूक म्हणता येत नाही. दोष त्या पिठाचाच होता असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. डॉक्टरबाईंनीही सांगितलं नाही. घरघंटी घेऊ का, एवढं मी विचारलं. आतडं आता आणखी प्रयोग सोसणार नाही, असं त्या म्हणाल्या.

कुत्रा घरी आला तेव्हा सोळा किलोंचा होता. गॅलरीचं दार पुन्हा बंद झालं. बायकोने ताट वाढलं. वडिलांनी ते हाताने बाजूला सारलं.

"त्याला काय घालती?"

"भात, भोपळा आणि अंडं, मामा. बिनमिठाचं."

"त्येच मला वाढ."

"तुम्हाला नाही जाणार ते."

"जाईल. दार उघड."

ते जेवले. तेव्हापासून दोन्ही वेळा तेच जेवतात. पहिला घास कुत्र्याला, मग स्वतः, सावकाश, पाण्याच्या घोटाबरोबर. बायको ताटाच्या कोपऱ्यात चिमूटभर मीठ वाढते. ते त्याला बोट लावत नाहीत. हाताचं मीठ त्याच्या घासाला लागेल, म्हणतात. निम्मं ताट तसंच राहतं. त्यांच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की या वयात असं फार दिवस चालणार नाही. मी ते घरी येऊन वडिलांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

गेल्या रविवारी दोघांची वजनं केली. आधी कुत्र्याचं. मग वडील भिंतीला धरून काट्यावर चढले. काट्याने चौपन्न दाखवले.

"त्याचं वाढलं का?" त्यांनी विचारलं.

"वाढलं. अठरा झालं."

त्यांनी मान हलवली आणि खालचा आकडा न बघताच उतरले.