गाळलेला कागद

डॉ. मोहना शिर्के बडोद्याच्या एका कॉलेजात विशेष बालशिक्षण शिकवत. तीन-चार वर्षांची कुठली मुलं मागे पडताहेत हे वेळीच ओळखायचं, या एकाच ध्यासात त्यांची बावीस वर्षं गेली. त्यांनी केलेली चित्रांची गुजराती चाचणी आता पुष्कळ बालवाड्यांत वापरत, आणि तिच्यावरच त्यांचं पुस्तक निघायचं होतं.

पुस्तकासाठी जुने कागद चाळताना गाळलेल्या मुलांचा गठ्ठा हाती लागला. ज्यांच्या घरी गुजराती बोलत नाहीत ती मुलं मोजणीत धरायची नाहीत, हा नियम त्यांनीच केला होता. वरचाच कागद सानवीचा. त्यांचे ब्लाऊज शिवणारी रावपुऱ्यातली स्नेहल दोन वर्षांपूर्वी लेकीला घेऊन आली होती. तीन वर्षांची झाली तरी बोलत नाही, म्हणून. मोहनाताईंनी चाचणी घेतली आणि हसून तिची समजूत घातली होती की घरी मराठी, बालवाडीत गुजराती, आपल्या बडोद्याच्या मुलांचं असंच असतं, बोलेल.

कागदाच्या तळाशी त्यांच्याच अक्षरात एक ओळ होती. ‘मागून हाक मारली, वळली नाही.’

हाकेला कसली आली भाषा?

ताईंनी कानाच्या डॉक्टरांना फोन करून वेळ घेतली आणि तशाच रिक्षाने रावपुऱ्याला गेल्या. सानवी दाराकडे पाठ करून बटणं रचत होती. त्यांनी हाक मारली. मग जरा मोठ्याने. स्नेहलने मशीन थांबवलं. मुलीने मानही वर केली नाही.

“हट्टी आहे हो,” स्नेहल म्हणाली. “बसा, चहा ठेवते.”

“हट्टी नाही गं. तिला ऐकू येत नसावं. मला तेव्हाच दिसलं होतं, पण मी मनावर घेतलं नाही. चूक माझी आहे.”

स्नेहलने हातातल्या कापडाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

“सासूबाई दोन वर्षं म्हणताहेत, हिचे कान दाखव. मी तुमचं नाव सांगून त्यांना गप्प करायची. म्हणायची, ताईंपेक्षा तुम्हाला जास्त कळतं का?”

“डॉक्टरांची वेळ घेतली आहे, चल,” ताई म्हणाल्या. रिक्षात सानवी दोघींच्या मध्ये बसली. स्नेहल सबंध रस्ता बाहेर बघत राहिली.

दवाखान्यात नर्सने विचारलं, हे पहिल्यांदा कधी लक्षात आलं?

“दोन वर्षांपूर्वी,” मोहनाताई म्हणाल्या, आणि पर्समधला सानवीचा तो कागद काढून त्यांनी टेबलावर ठेवला.