भूकंपापासूनचा दम

आमच्या भागात साल कुणी सांगत नाही. लग्न भूकंपाच्या आधी दोन वर्षं, पोरगी भूकंपानंतरची, दारातला लिंब भूकंपाच्या वर्षी लावलेला. किल्लारीच्या आसपास अजून असंच बोलतात, अन् लातूरला येऊन इतकी वर्षं झाली तरी मीही असंच बोलते. शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचणं-लिहिणं पोरीच्या पुस्तकांवर शिकले, बोलणं मात्र कुणी शिकवावं लागलं नाही. त्यानंच घात केला.

आमचे मालक गवंडी. भूकंपाला तीस वर्षं झाली त्या दिवाळीत घराला चुना लावताना धाप लागून ते मध्येच शिडीवरून उतरले अन् पायरीवर बसून राहिले. पुढं जिनाही चढता येईना. लातूरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप खराब झालीय, ऑपरेशन करून बदलली तर माणूस पुन्हा कामाला लागेल. आम्ही घाबरलो नाही. नांदेडला शिक्षिका असलेल्या आमच्या पोरीनं दोन वर्षांआधी आमचा विमा काढला होता. जुना आजार आहे का, असं फॉर्मात विचारलेलं. तिनं 'नाही' असं लिहिलं. खरंच नव्हता.

भरती केलं त्या दिवशी एक तरुण डॉक्टरीण केसपेपर घेऊन जवळ बसली.

"आजी, आजोबांना हा त्रास कधीपासून?"

इतक्या मायेनं कुणी विचारलं की मी सुटते. म्हणाले, "भूकंपापासून, बाई. हातानं दगड उपसून चौघांना काढलं यांनी. आईलाबी काढलं, पण ती गेलेली होती. तवापासून छातीत माती बसली ती बसलीच."

ती ऐकत होती, लिहीत होती. मला वाटलं, किती गुणाची पोर. यांचं मोठेपण एकदाचं कागदावर चढलं.

तिसऱ्या दिवशी विम्याच्या काउंटरवर बोलावलं. मंजुरी नाकारली होती. कारण लिहिलेलं: रुग्णाला तीस वर्षांपासून दम लागतो, ही गोष्ट लपवली. मी मनातल्या दुःखाचं बोलले होते, कागदावर दम चढला होता.

पोरगी नांदेडहून धावत आली. मोठे डॉक्टर म्हणाले, "केसपेपरवरचं खोडता येत नाही, मावशी. आधी दम नव्हता असा एखादा जुना कागद आणा, मी पत्र देतो."

गावाकडच्या आरोग्य केंद्रात गेले. तिथला माणूस ओळखीचा. म्हणाला, "काकू, जो माणूस कधी दवाखान्यात आलाच न्हाई, त्याचा कागद कुठून देऊ?"

खरंच होतं त्याचं. भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावातली कितीतरी घरं यांच्या हातची. सिमेंटची पोती पाठीवर घेऊन चढायचे. परत येऊन काउंटरवर हेच सांगितलं, "दमेकरी माणूस घरं बांधील का, बाबा?"

"मला कळतंय, आजी. पण कंपनीला कागदच कळतो."

पोरीनं तक्रार केली, अर्जावर अर्ज केले. चौकशी चालू आहे, एवढंच उत्तर यायचं. तेवढ्यात यांच्या पायावर सूज आली. मग सरकारी योजनेतून करू म्हणून तिनं नांदेडच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथंही पहिला सवाल तोच, कधीपासून? मी पदर तोंडात धरला.

"दिवाळीपासून," हे म्हणाले.

डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा पाहिले. "तेव्हाच व्हायला पाहिजे होतं. आता हृदय फार ताणलंय, ऑपरेशन झेपणार नाही. गोळ्यांवर राहू द्या."

येताना बसमध्ये मी खिडकीकडं तोंड करून बसले. हे हळूच म्हणाले, "खोटं थोडंच बोललीस? लई बोललीस, एवढंच."

सुट्टीत नात आली. शाळेसाठी तिला भूकंपाची आठवण लिहून न्यायची होती.

"सांग की तिला," हे मला म्हणाले. "तूच चांगलं सांगतीस."

मी चहाचं निमित्त करून उठले. तर यांनीच सुरू केलं. अंधार, कुत्र्यांचं भुंकणं, पडलेल्या माळवदाच्या घराचे दगड. एक काढला, दुसरा काढला, अन् आईपर्यंत पोचायच्या आतच यांचा दम संपला. उशीला टेकून ते माझ्याकडं बघत राहिले. नात वही धरून बसलेली.

गॅस बंद केला अन् उरलेलं मी सांगितलं.