वहिनी छप्पन्नची वाटत नाही

माझ्या नणंदबाई डोंबिवलीला राहतात. त्या माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या आणि माझ्या नवऱ्याहून दोन वर्षांनी लहान. त्यामुळे त्या मला वहिनी म्हणतात, मी त्यांना वन्सं म्हणते, आणि आमच्यात मोठं कोण हे लग्नाला तीस वर्षं होऊनही नक्की झालेलं नाही. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर त्यांनी तिथल्या एका महिला मंडळाचं अध्यक्षपद घेतलं आणि बँकेत होता तेवढाच दरारा तिथेही बसवला. मंडळात दर महिन्याला एक व्याख्यान असतं. मधुमेह झाला, मृत्युपत्र झालं, गच्चीवरची बाग झाली. मग एक दिवस मला त्यांचा फोन आला की पुढच्या महिन्यात तू बोलायचंस, विषयही ठरलाय, ‘धावपळीची नोकरी आणि टिकवलेलं तारुण्य’.

मी म्हटलं, वन्सं, मला यातलं काही कळत नाही.

“तुला कळायची गरज नाही,” त्या म्हणाल्या. “तू नुसती उभी राहिलीस तरी निम्मं व्याख्यान होतं. छप्पन्नची वाटतेस का तू?”

वाटत नव्हते हे खरं. ते कशामुळे, हे मात्र त्यांना माहीत नव्हतं.

मी ठाण्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत इन्चार्ज सिस्टर आहे. तिथे अपॉइंटमेंट घेऊन कुणी येत नाही. छातीत दुखणारे येतात, स्कूटरवरून पडलेले येतात, उकळतं तेल उडालेले येतात, आणि प्रत्येकाबरोबर पाच नातेवाईक येतात, त्यांतला एक तरी मोबाइलवर शूटिंग करत असतो. डॉक्टर दर सहा महिन्यांनी बदलतात, मी तिथेच. एका हाताने सलाइन धरायचं, दुसऱ्या हाताने रक्तपेढीला फोन लावायचा आणि तोंडाने कुणाच्या तरी मेव्हण्याला बाहेर काढायचं, असं माझं काम. ड्यूटी संपवून वर्तकनगरला आमचे तीन जिने चढताना मला अनेकदा आठवत नसे की आज आपण जेवलो की नाही.

चाळिशीनंतर केस पांढरे झाले तेव्हा मी ते रंगवायला लागले. त्यात विशेष काही नव्हतं, आमच्या चेंजिंग रूममध्ये सगळ्याच रंगवतात. पण महामारीची ती दोन वर्षं किट घालून काढली, आणि त्यानंतर केस गळायला लागले. कंगव्यात, उशीवर, एकदा तर डब्यातल्या भाजीत. वर्षभरात भांगाच्या रेघेचा रस्ता झाला. आमच्याच हॉस्पिटलच्या त्वचेच्या डॉक्टरांनी भिंगातून माझं डोकं पाहिलं आणि सांगितलं, सिस्टर, ताण कमी करा. हे सांगताना ते उभ्यानेच सँडविच खात होते आणि त्यांचे दोन्ही फोन वाजत होते.

त्याच सुमारास हॉस्पिटलने आम्हाला व्यक्तिमत्त्वाचं प्रशिक्षण दिलं. शिकवायला सव्वीसेक वर्षांची एक मुलगी आलेली. ती म्हणाली, पेशंटला पहिला धीर आपल्या टवटवीत चेहऱ्यावरून येतो. सत्र संपल्यावर तिने मला बाजूला घेतलं आणि फार गोड आवाजात विचारलं की मॅडम, तुम्हाला रेकॉर्ड सेक्शनला जायला आवडेल का, तिथे शांतता असते. शांतता असणारच, आमचा रेकॉर्ड सेक्शन तळघरात आहे. त्या दिवशी सकाळपासून मी तीन हार्ट अटॅक निभावून त्या सत्राला जाऊन बसलेले. घरी येऊन मी बाथरूमचा दिवा लावून डोकं पुढून, मागून, वरून पाहिलं आणि काय करायचं ते ठरवलं.

नकली केसांची दुकानं ठाण्यात आहेत, पण ठाण्यात मला रिक्षावालेसुद्धा ओळखतात, निम्म्यांना टाके पडताना मी धरून ठेवलेलं आहे. म्हणून मी विठ्ठलवाडी स्टेशनबाहेरचं एक दुकान शोधून काढलं. अरुंद जिना, वर काळ्या काचेचं दार. आतल्या मालकीणबाईंनी मला खुर्चीवर बसवून डोक्याच्या वरच्या भागावर केसांचा एक तुकडा ठेवला आणि त्याच्या खालचे चार चाप माझ्या उरल्यासुरल्या केसांत अडकवले. याला विग म्हणायचं नाही, टॉपर म्हणायचं, असं त्यांनी बजावलं. आरशात पाहिलं तर दहा वर्षांपूर्वीची मी बसलेले.

तेवढ्यात आतल्या पडद्याआडून एक गृहस्थ मान डावीउजवीकडे हलवून बघत बाहेर आले. ते आमच्या हॉस्पिटलचे मेडिकल सुपरिंटेंडेंट होते. ज्यांचा राउंड आला की आमच्या मुली औषधांच्या ट्रॉलीमागे लपतात, ते. त्यांच्या कपाळावर जी दाट झुलपं रोज दिसायची ती आत्ताच नव्याने चिकटवून झालेली. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मालकीणबाईंनी दोघांनाही चहा विचारला. दोघांनीही नको म्हटलं.

दुसऱ्या दिवशी राउंडला ते माझ्यापाशी येऊन थांबले. “सिस्टर, काल मी दिवसभर ठाण्यातच होतो.”

“मीही, सर,” मी म्हटलं.

त्यानंतर माझा रजेचा अर्ज कधी परत आला नाही.

घरी ह्यांना सांगावंच लागलं, कारण तो तुकडा आठवड्यातून एकदा धुऊन वाळवावा लागतो. ह्यांनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि एवढंच म्हणाले, “गॅलरीत नको घालूस, कबुतरं नेतील.” पुढे तीन वर्षांत हा विषय त्यांनी कुणाकडेही काढला नाही.

केसांनी मात्र कमाल केली. नवीन मुली विचारायला लागल्या, सिस्टर, कुठली क्रीम लावता? मी सांगायचे, भरपूर पाणी पिते. खरं तर ड्यूटीवर मी पाणी पीतच नाही, कारण प्यायलं की जावं लागतं आणि जायला वेळ नसतो. वन्सं तर भाजीवाल्यालासुद्धा सांगायच्या की माझी वहिनी छप्पन्नची आहे, सांगून खरं वाटणार नाही.

व्याख्यानासाठी मी मोबाइलवर येणारे सुविचार चाळून पाच मुद्दे काढले. आठ तास झोप, भिजवलेले बदाम, प्राणायाम, वेळेवर ताजं जेवण, रागावर ताबा. यातली एकही गोष्ट मी करत नव्हते, पण कागदावर ते फार छान दिसत होतं.

रविवारी माझी सकाळची ड्यूटी लांबली. चेंजिंग रूममध्येच साडी नेसले. पुढचा एक चाप सैल लागत होता, पण तो नीट बसवायला वेळ नव्हता. टॅक्सीत लिपस्टिक लावून मी डोंबिवलीला पोचले तेव्हा सोसायटीचा हॉल भरला होता आणि बशा वाटून झाल्या होत्या. वन्संच्या मंडळात खाणं आधी आणि व्याख्यान नंतर असतं. तसं नसेल तर बायका येत नाहीत, असा त्यांचा अनुभव. त्या दिवशी बटाटेवडे होते.

वन्संनी माझी ओळख करून देताना श्रोत्यांनाच माझं वय ओळखायला लावलं. कुणी बेचाळीस म्हटलं, कुणी पंचेचाळीस. मग त्यांनी बँकेचा निकाल जाहीर करावा तसं छप्पन्न म्हणून सांगितलं आणि टाळ्या पडल्या. मी माइकसमोर उभी राहिले, कागद उघडला आणि सुरुवात केली की तारुण्य टिकवायचं तर सगळ्यात महत्त्वाची शांत झोप.

एवढ्यात दुसऱ्या रांगेतल्या एका बाईंनी दोन्ही हात गळ्याशी नेले. सत्तरीच्या असतील, हिरवी नारायणपेठी, घट्ट अंबाडा. त्या खोकत नव्हत्या, काही बोलतही नव्हत्या, नुसते डोळे मोठे झाले होते. शेजारची बाई त्यांना पाणी पाजायला निघालेली.

मी स्टेजवरून कशी उतरले ते आठवत नाही. “पाणी देऊ नका. खुर्च्या मागे घ्या. सगळ्या.” हा माझा कॅज्युअल्टीतला आवाज होता, तो डोंबिवलीत कुणी ऐकलेला नव्हता. साठ खुर्च्या एकदम सरकल्या. अध्यक्षाही भिंतीला जाऊन टेकल्या.

बाईंना पुढे वाकवून मी पाठीवर पाच जोरदार थापा दिल्या. काही झालं नाही. मग मागून मिठी घातल्यासारखे हात टाकले, बेंबीच्या वर मूठ धरली आणि आत-वर असा झटका दिला. एकदा, दोनदा. बाई अंगाने भरभक्कम होत्या, तिसऱ्या झटक्याला त्यांचं डोकं मागे आलं आणि अंबाडा सरळ माझ्या कपाळावर आदळला. चौथ्या झटक्याला वड्याचा तुकडा बाहेर पडला आणि बाईंनी मोठ्याने श्वास ओढला.

मी त्यांना खुर्चीवर बसवून नाडी पाहिली, ओठांचा रंग पाहिला. हॉलमध्ये एकही आवाज नव्हता. मला वाटलं सगळ्या घाबरल्या असतील. मग त्या बाई दम घेत, अगदी हळू म्हणाल्या, “अहो, तुमचे केस माझ्या खांद्यावर आलेत.”

खरंच आले होते. हिरव्या पदरावर माझी दहा वर्षं पसरून पडली होती.

तो केसांचा तुकडा उचलून, घडी करून मी पर्समध्ये ठेवला. डोक्यावरून पदर घ्यावासा वाटला, पण पदराला वडा लागला होता. हॉलच्या दाराकडे पाहिलं, ते लांब होतं. माइक जवळ होता, म्हणून मी माइककडे गेले. कागदावर पुढचा मुद्दा भिजवलेल्या बदामांचा होता.

“यातलं मी काहीच करत नाही,” मी म्हटलं.

मग जे होतं ते सांगितलं. की मी पाच तास झोपते. की उपमा स्टोअर रूममध्ये उभ्याने, चार मिनिटांत खाते. की माझ्याइतकं रागावणारं आमच्या मजल्यावर कुणी नाही, आणि एखाद्या दिवशी फारच झालं तर मी चादरींच्या खोलीत जाऊन रडते आणि तोंड धुऊन परत येते. आणि केस दुकानातले आहेत.

मला वाटलेलं बायका कुजबुजतील. पहिला प्रश्न आला, दुकान कुठे? मी पत्ता सांगितला तर चारपाच जणींनी तो लिहून घेतला. एक निवृत्त मुख्याध्यापिका उठल्या आणि म्हणाल्या की सकाळच्या फिरण्याच्या ग्रुपमध्ये त्यांनी वय सहा वर्षांनी कमी सांगितलंय, त्यामुळे आता पंचाहत्तरी कशी साजरी करायची हा त्यांच्यापुढे प्रश्न आहे. मागून एकीने सांगितलं की तिच्या भुवया रोज सकाळी काढलेल्या असतात आणि हे तिच्या सुनेलाही माहीत नाही. तिची सून तिच्या शेजारीच बसलेली. वन्संनी टेबलावरची घंटा वाजवून विषयाला धरून प्रश्न विचारायला सांगितलं, पण त्यांचं त्या दिवशी कुणी ऐकलं नाही.

हिरव्या साडीतल्या बाईंना मी म्हटलं की पोट आणि बरगड्या दाबल्या गेल्यात, आजच डॉक्टरांना दाखवा. त्या म्हणाल्या, दाखवते, पण आधी ते मागून धरायचं आम्हाला शिकवा. मग खुर्च्या भिंतीशी लावून, पदर खोचून, साठ बायका जोडीजोडीने उभ्या राहिल्या. खरं दाबायचं नाही, फक्त जागा ओळखायची, असं मी ओरडून सांगत होते. बेंबी सापडेना म्हणून हसणं, मूठ चुकली म्हणून हसणं. तासभर चाललं ते.

मग वन्संनी मला त्यांच्या घरी नेलं. चहा ठेवला, गाळला, माझ्यापुढे ठेवला.

“दादाला माहीत होतं?”

“हो.”

“किती दिवस?”

“तीन वर्षं.”

भावाने तीन वर्षं आपल्यापासून काही लपवलं, हे त्यांना केसांपेक्षा जास्त लागलं. त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या, “जगभर सांगत फिरले गं मी. माझी वहिनी, माझी वहिनी करून.”

मी म्हटलं, चुकलं माझं, तुम्हाला सांगायला हवं होतं. त्यांनी कपातली साय बोटाने काढून बशीत ठेवली.

“पण ती बाई गेली असती ना?”

“गेली असती.”

“मग तुझे केस गेले तर गेले,” असं म्हणून त्या उठल्या, चपला घातल्या आणि मला त्यांच्या नेहमीच्या पार्लरमध्ये घेऊन गेल्या. तिथल्या मुलीने माझे होते नव्हते ते केस अगदी बारीक कापले, रंगाचा भाग सगळा काढून टाकला, उरले ते पांढरे. वन्सं शेजारच्या खुर्चीवर बसून, मागून अजून घे, बाजूने अजून घे, अशा सूचना देत राहिल्या. झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या की आता आपल्यात कुणाला कोण वन्सं म्हणतंय ते लोकांना कळेनासं होईल.

मंगळवारी मी तशीच ड्यूटीवर गेले. एका मुलीने छान दिसतंय म्हणून सांगितलं, आणि तेवढ्यात ॲम्ब्युलन्स आली, त्यामुळे विषय तिथेच संपला. दुपारी मनगट मोडलेला एक तरुण आला. हात बायकोच्या ओढणीत बांधलेला, चेहरा दुखण्याने पांढरा. त्याचा एक्स-रे यायचा होता. मी फॉर्म घेऊन त्याच्यापाशी गेले तर तो उठून उभा राहिला आणि खुर्ची चांगल्या हाताने माझ्याकडे सरकवली.

“आजी, बसा ना तुम्ही,” तो म्हणाला. “मी उभा राहतो.”

मी आजूबाजूला पाहिलं. मॉनिटरवर सगळ्यांचे आकडे ठीक होते, फोन वाजत नव्हता, एकही मेव्हणा आत शिरलेला नव्हता. मी त्याला शेजारच्या खाटेवर बसवलं आणि खुर्चीत बसून पूर्ण फॉर्म भरला. जन्मतारीख, पत्ता, ॲलर्जी, सगळं. मग एक्स-रे आला आणि आम्ही त्याला प्लास्टरला घेतलं.